कोल्हापूरची बस आणि हैदराबादचा परवा

५ जानेवारी, सोमवार

कंपनीने निरोपाला एक कॅक्टसची कुंडी आणि ही डायरी दिली. कॅक्टस रंजनाने तिच्या बँकेत नेला. डायरीच्या प्रत्येक पानावर तारीख छापलेली आहे, त्यामुळे न लिहिलेला दिवस लगेच उघडा पडतो. एकवीस वर्षं मी लोकांची कामं ठरलेल्या मुदतीत आणि ठरलेल्या खर्चात उरकली. एक्कावन्नाव्या वर्षी कंपनीने मलाही तसंच उरकलं.

पुण्याहून हैदराबादला येऊन चौदा महिने झाले, पण हिमायतनगरातला आमचा फ्लॅट दुपारी कसा दिसतो ते मला आत्ता कळतंय. बरा दिसतो. आज मी मसाल्याच्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या आणि त्यावर भरल्याची तारीख घातली. संध्याकाळी रंजनाने हिंगाची डबी हातात धरून बराच वेळ ती चिठ्ठी वाचली. मग म्हणाली, "मिलिंद, घराबाहेर काहीतरी शोध." मला राग आला नाही. भीती वाटली, की नाही सापडलं तर?

११ जानेवारी, रविवार

फुटबॉल पाहिला. मुसी रोव्हर्स नावाचा इथला क्लब आहे, दुसऱ्या फळीच्या लीगमध्ये खेळतो. प्रेक्षक तीनशे बारा. मी मोजले, कारण पहिला अर्धा तास दुसरं काही घडत नव्हतं.

शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ होते. पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट आणि त्यावर क्लबची निळी जर्सी. पंचाने ऑफसाइड दिल्यावर ते उठून ओरडले, "अहो पंच, डोळे आहेत का कवड्या?" मराठी, आणि तेही अहो-जाहो करून! मध्यंतरात ओळख झाली. श्रीनिवासराव औसेकर, राहणार काचीगुडा, तीन पिढ्या हैदराबादेत, दिवाणी कोर्टातून निवृत्त. बाहेरगावच्या सामन्यांना पाठीराख्यांची बस नेण्याचं काम सात वर्षं तेच करतात. पुढची बस कोल्हापूरला, फेब्रुवारीत. तिथला पंचगंगा स्पोर्टिंग यंदाच वर चढून आपल्या लीगमध्ये आलाय.

त्यांनी बसची वही दाखवली. नावं सुवाच्य, पण "जमा" या रकान्यात अकरा जणांपुढे रकमेऐवजी "परवा" असं लिहिलेलं. मी विचारलं, हे काय?

"परवा देतील की. पैसे कुठं पळून जायलेत?"

मी म्हटलं, हिशेब मी बघतो. त्यांनी वही इतक्या पटकन दिली की माझा हात अजून पुढे आलाही नव्हता. परवा म्हणजे मंगळवार, तेरा तारीख. पावतीपुस्तक विकत घेतलं.

१३ जानेवारी, मंगळवार

काचीगुड्याला श्रीनिवासरावांच्या व्हरांड्यात सकाळी दहा ते संध्याकाळी सहा पावतीपुस्तक घेऊन बसलो. खुर्ची डगमगत होती म्हणून रद्दीच्या गठ्ठ्यावर बसलो. "बसा निवांत, रद्दीवाला बुधवारी येतो," ते म्हणाले.

अकरापैकी एकही आला नाही. श्रीनिवासरावांना त्यात वावगं काही वाटलं नाही. त्यांच्या पत्नी सुशीलाबाई आत सकिनालू तळत होत्या. तांदळाच्या पिठाची, तीळ-ओवा घातलेली गोल गोल कडी असतात, इथे संक्रांतीला करतात. चार वेळा चहा आणि सात सकिनालू झाले. जमा शून्य.

१९ जानेवारी, सोमवार

बसमालक प्रतापराव यांना भेटलो. स्टेशनजवळ त्यांचं एका टेबलाचं ऑफिस आहे. मागच्या बंगळूरच्या फेरीचं बिल मागितलं. बिल एक्कावन्न हजारांचं. बसमध्ये एकतीस जण, माणशी नऊशे, म्हणजे सत्तावीस हजार नऊशे. उरलेले तेवीस हजार शंभर कोणी दिले?

"श्रीनिवासरावच देतात की," प्रतापराव म्हणाले. "हरेक ट्रिपला. पेन्शन आली की आणून द्यायलेत बिचारे. मी बोललो, भाडं वाढवा, तर नक्को म्हणतात. लोक तुटतील, बस बंद पडंल."

सात वर्षं एक माणूस आपल्या पेन्शनवर लोकांना सामने दाखवतोय आणि लोकांना वाटतं बस नऊशे रुपयांत जाते! याला दानधर्म म्हणतात, नियोजन नव्हे. मी तिथेच कोल्हापूरचा खरा हिशेब मांडला. येऊन-जाऊन अकराशे वीस किलोमीटर, चाळीस रुपये दराने चव्वेचाळीस हजार आठशे. महाराष्ट्राचा परमिट आणि कर आठ हजार दोनशे. टोल पाच हजार चारशे. ड्रायव्हर-क्लीनरचा भत्ता तीन हजार सहाशे. एकूण बासष्ट हजार. सीट चाळीस. माणशी पंधराशे पन्नास.

ड्रायव्हरला रस्ता माहीत आहे का, हेही विचारून ठेवलं.

"हौ! अप्पाराव हाय ना. परवाच तर कोल्हापूर मारून आला."

परवा म्हणजे शनिवारी. चांगलं आहे, रस्त्याची कामं कुठे चालू आहेत ते ताजं ठाऊक असेल.

२७ जानेवारी, मंगळवार

पाठीराख्यांच्या ग्रुपवर खरा दर जाहीर केला. रकानेवार तक्ता जोडला. पंधरा मिनिटांत अडतीसपैकी पंधरा जण गळाले. एकाने लिहिलं, "अंकल, इतने में तो मैं कोल्हापूर का गोलकीपर खरीद लूँ." त्याला एकोणीस जणांनी अंगठे दाखवले. माझ्या तक्त्याला एक अंगठा आला, तो श्रीनिवासरावांचा, आणि तो चुकून दाबला गेला असं त्यांनी नंतर कळवलं.

उरले तेवीस. तेविसांत बासष्ट हजार विभागले तर माणशी दोन हजार सातशे होतात, म्हणजे तेही गळणार. हा प्रकार मी कंपनीत दोनदा पाहिलाय. त्यावर उपाय एकच, काम बंद करणं.

म्हणून संध्याकाळी प्रस्ताव पाठवला: कोल्हापूर रद्द करावं, त्याऐवजी मार्चमध्ये विजयवाडा करावं. अंतर निम्म्याहून कमी, परमिटची कटकट फारशी नाही, माणशी सातशेत बसतं.

सहज पंचगंगा स्पोर्टिंगची माहिती चाळली. त्यांच्या गोलकीपरच्या प्रशिक्षकाचं नाव मं. श्री. औसेकर. योगायोग! औसा गावाहून पांगलेले लोक पुष्कळ असणार.

२९ जानेवारी, गुरुवार

श्रीनिवासराव पहिल्यांदाच आमच्या घरी आले. काचीगुड्याहून हिमायतनगरपर्यंत चालत आले होते, घामाघूम. बसले नाहीत. खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"सव्वीस हजार आहेत. तुम्ही माणशी नऊशेच लावा. बस गेली पाहिजे."

मी त्यांना समजावलं की हे तत्त्वात बसत नाही. एका माणसाच्या खिशावर चालणारी बस त्या माणसाबरोबर बंद पडते. विजयवाड्याचा तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला, शेवटच्या टिपेसकट.

"विजयवाडा चांगलं आहे," ते म्हणाले. "बाकी सगळं तुम्ही म्हणाल तसं करू. फक्त कोल्हापूर रद्द करू नका, मिलिंदराव."

इतकीच हौस असेल तर ते एकटे रेल्वेने जाऊ शकतात, तिकीट सहाशेच्या आत मिळेल, असं मी सुचवलं. त्यावर त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. रंजना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी कुणाच्या पायावर उभा आहे की काय, म्हणून खाली बघितलं.

ते गेल्यावर ती म्हणाली, "अरे, त्या माणसाला एकट्याने जाता येत नाहीये."

मी म्हटलं, बहात्तर वय आहे, तब्येत ठणठणीत आहे, काचीगुड्याहून चालत आले.

"तू हिंगाला तारीख घाल," ती म्हणाली.

पाकीट ते टेबलावरच विसरले होते. उद्या परत करायला हवं.

१ फेब्रुवारी, रविवार

पाकीट परत केलं. त्यांनी घेतलं, पण हातात धरूनच उभे राहिले. मला कसंतरी झालं. मी चांगलं काम केलं की कुणाचं तरी काही मोडलं, ते कळेना. कंपनीत निदान वर्षाच्या शेवटी कागदावर लिहून मिळायचं.

घरी येऊन रंजनाला म्हणालो की सीट भरायला हव्यात, पाठीराखे मात्र संपले. ती शेंगा सोलत होती. "कोल्हापूरला बायका कशाला जातात?" तिने विचारलं. मी म्हटलं, चपला घ्यायला. तिने कपाळाला हात लावला.

अंबाबाई! आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाच्या मनीषाताई दर वर्षी दर्शनाला जायचं म्हणतात आणि दर वर्षी गाडीवरून राहतं. पंधराशे पन्नासात जाणं-येणं, शनिवारी संध्याकाळी पोचून रविवारी पहाटे दर्शन, स्वखर्चाने धर्मशाळेत मुक्काम. फोन झाला. मनीषाताईंची एकच शंका होती, "फुटबॉल बघणं सक्तीचं आहे का हो?"

१४ फेब्रुवारी, शनिवार

बस भरली. तेवीस पाठीराखे, रंजना धरून भजनी मंडळाच्या चौदा बायका, श्रीनिवासराव आणि मी. एकोणचाळीस. सगळ्यांचे पैसे आगाऊ जमा. पावतीपुस्तक अर्धं संपलं. हे पान लिहिताना मला गेल्या कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटतंय.

फक्त चाळिसावी सीट राहिली होती. तिचे पंधराशे पन्नास श्रीनिवासरावांनी भरले. नाव विचारलं तर म्हणाले, "लिहा, मंदार. परत येताना."

मी सांगितलं की एकेरी प्रवासाला निम्मं भाडं लागेल आणि जाताना ती सीट दुसऱ्या कुणाला देता येईल.

"नक्को. जाताना रिकामी राहू द्या."

"मंदार कोण?"

"मुलगा आमचा. कोल्हापूरला असतो. परवा थोडं बिनसलं होतं."

म्हणजे तो गोलकीपरचा प्रशिक्षक यांचाच मुलगा! आधी सांगायला काय झालं होतं? बाप एका क्लबचा, मुलगा दुसऱ्या क्लबचा, त्यावरून बिनसलं असणार. पण परवा म्हणजे गुरुवार, आणि गुरुवारी मी दिवसभर त्यांच्याकडेच बसून याद्या करत होतो. फोन आल्याचं मला तरी आठवत नाही. रात्री आला असेल. असली भांडणं दोन दिवसांत निवळतात. वहीत लिहिलं: मंदार, परत येताना.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सुशीलाबाई बसला येणार नाहीत. गुडघे धरतात. त्यांनी सामानात दोन डबे दिले, दोन्हींत सकिनालू.

"हा मोठा बसमधल्या सगळ्यांना. हा छोटा उघडू नका."

मी म्हटलं, काकू, एकच मोठा डबा केला असता तर जागा वाचली असती. त्या हसल्या. मग पदराने छोट्या डब्याचं झाकण पुसलं, जे स्वच्छच होतं. संक्रांत होऊन महिना झाला, तरी पुन्हा तळायला बसल्या होत्या.

डब्यावर मी चिठ्ठी लावली: उघडू नये.

२१ फेब्रुवारी, शनिवार

पहाटे पाचला निघालो. पुढे भजन, मागे क्लबची गाणी. झहीराबादपर्यंत दोन्ही बाजूंनी एकमेकांवर मात करायचा प्रयत्न केला. उमरग्याला चहा झाला आणि मनीषाताईंनी मागच्यांना सांगितलं की तुमची चाल बरी आहे, शब्द मात्र वाईट आहेत. त्यानंतर मागचे जरा सावरले.

सोलापूरच्या पुढे अप्पारावांनी बस एका कारखान्याच्या फाटकात नेऊन उभी केली. फाटकाच्या आत रस्ता नव्हता.

"रोड तेलुसु, सार," ते शांतपणे म्हणाले. रस्ता माहीत होता, पण तो कुणीतरी हलवला होता.

मी म्हटलं, तुम्ही तर परवाच इथून गेलात! आमच्या भाषांची गाठ पडेना म्हणून श्रीनिवासराव मध्ये पडले, त्यांच्याशी तेलुगूत बोलले आणि मला म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. परवा आले होते तेव्हा हा बायपास नव्हता."

"परवा म्हणजे कधी?"

पुन्हा तेलुगूत विचारणा झाली. "दोन हजार नऊ."

मी बसमध्ये पाहिलं. मला वाटलं कुणीतरी हसेल. एकही हैदराबादी हसला नाही. मनीषाताईंनी मला समजावून सांगितलं की इथे काल म्हणजे काल आणि त्याच्या मागचं सगळं परवा, मग ते गेल्या आठवड्यातलं असो की निजामाच्या काळातलं. पुढचंही तसंच. उद्याच्या पलीकडे सगळं परवाच.

म्हणजे माझ्या वहीतले सगळे परवा मला नव्याने तपासावे लागणार. श्रीनिवासराव खिडकीशी बसले होते. छोटा डबा मांडीवर आणि शेजारची सीट रिकामी. मिरजेच्या पुढे त्यांनी दोनदा कंगवा काढला.

२२ फेब्रुवारी, रविवार

पहाटे दर्शन झालं. दुपारी चारला सामना. चौदाही बायका आल्या. सक्ती नव्हती, पण सामन्याला तिकीट नाही हे मनीषाताईंनी हिशेबात पकडलं. दारावरचा कोल्हापूरकर म्हणाला, "काय पाव्हणं, मॅचला आलायसा का वटी भरायला?" आणि बायकांना सावलीतल्या खुर्च्या काढून दिल्या. अर्ध्या तासात भडंगाच्या पुड्या आल्या. पाहुण्या पाठीराख्यांना शिव्या खाव्या लागतात असं मी ऐकून होतो.

एकविसाव्या मिनिटाला आपण गोल केला. त्यांचा गोलकीपर फार पुढे आला होता, चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला. भजनी मंडळासकट सगळे उभे राहिले. सात वर्षं पेन्शन घालून या क्लबची बस चालवणारा माणूस तेवढा बसून राहिला. ते चेंडूकडे बघतच नव्हते. पलीकडच्या बाकावर ट्रॅकसूटमधला एक उंच माणूस डोक्याला हात लावून उभा होता, त्याच्याकडे बघत होते.

मी त्यांच्या शेजारी बसलो. विचारावं की नाही, हे मला कळत नव्हतं, तरी विचारलं.

"श्रीनिवासराव, मंदारशी परवा बिनसलं, ते कधी?"

"दोन हजार चौदा. जून." त्यांनी वार पण सांगितला, बुधवार.

मग सामना चालू असताना, नजर न हलवता सगळं सांगितलं. मुलगा वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होता. परीक्षा सोडून सामना खेळायला गेला. त्या दिवशी यांनी त्याचे फुटबॉलचे बूट रद्दीवाल्याला दिले. "किलोवर घेत नाही म्हणाला. मी म्हटलं, तसेच घेऊन जा." मुलगा घरी आला, व्हरांड्यात बूट शोधले, आईला नमस्कार करून गेला. "त्याच्या मागनं चार वर्षांनी आपल्या गावात क्लब निघाला. म्हटलं, बघू तरी ह्याच्यात काय आहे."

"मग रेल्वेने यायचं होतं एकदा," मी म्हणालो. बोलल्यावर स्वतःचाच राग आला.

"आणि काय सांगायचं? कशाला आलो म्हणून?" ते म्हणाले. "सामना असला की सांगायला लागत नाही."

अकरा वर्षं आठ महिने. माझ्या टेबलावर पाकीट ठेवून हा माणूस उभा होता आणि मी त्यांना विजयवाडा दाखवत होतो. मला फार लाज वाटली.

आपण तीन-एकने हरलो. सामना संपल्यावर ट्रॅकसूटवाला कुंपणापर्यंत आला. श्रीनिवासराव पायऱ्या उतरून गेले, मी त्यांच्यामागे डबा घेऊन. जाळीच्या दोन बाजूंना दोघे उभे.

"तुझा गोलकीपर पुढं फार येतो," श्रीनिवासराव म्हणाले.

"सांगितलंय त्याला, बाबा. ऐकत नाही."

"हं. ह्या वयात नाही ऐकत."

मी डबा पुढे केला. जाळीतून जाईना. मग त्याने तो वरून घेतला. मंदारने झाकणावरची माझी चिठ्ठी वाचली, काढली, एक सकिनालू तोंडात टाकलं आणि पाठ फिरवून उभा राहिला. खाताना माणसाच्या खांद्यांची इतकी हालचाल होत नाही.

मोठ्या डब्यातले सकिनालू कालच संपले होते. मनीषाताईंनी विचारलं, छोट्यातले शिल्लक आहेत का. मी नाही म्हणून सांगितलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सातला बस निघायची होती. सहा पन्नासला मंदार आला. हातात पिशवी नव्हती, ते मी आधी पाहिलं. म्हणाला, सराव आहे, मिरजेपर्यंत येतो. रिकाम्या सीटवर बापाशेजारी बसला. जाताना ती रिकामी का ठेवली, असं आज बसमध्ये कुणीही विचारलं नाही, मागच्या गायकांनीसुद्धा.

मिरजेपर्यंत दोघे काय बोलले ते मी ऐकलं नाही. सव्वा तास पुढच्या सीटवर मान न वळवता बसलो. फक्त दोनदा "बचाव" आणि एकदा "आईचे गुडघे" असं ऐकू आलं. कोल्हापूर ते मिरज पन्नास किलोमीटरचं भाडं सत्तर रुपयांच्या आत होतं. भरलेल्यातले चौदाशे ऐंशी परत द्यायला हवेत असं मनात आलं आणि मी ते मनातच ठेवलं.

मिरजेला उतरताना मी त्याला विचारलं, "हैदराबादला कधी येणार?"

"येतो की, परवा," तो म्हणाला. पायरीवरून खाली उडी मारली आणि बस सुटली.

मी श्रीनिवासरावांकडे पाहिलं. ते खिडकीतून हात हलवत होते. हा मुलगा जन्माने हैदराबादी, पण अकरा वर्षं कोल्हापुरात राहिलेला. कोल्हापुरात परवा म्हणजे परवाच, बुधवार, पंचवीस तारीख. हैदराबादेत परवा म्हणजे कधीही, किंवा कधीच नाही. हा कुठला परवा होता? सोलापूरपर्यंत मी तेवढाच विचार करत होतो.

जमा बासष्ट हजार, खर्च बासष्ट हजार, शिल्लक काही नाही. असा ताळा मला एकवीस वर्षांत एकदाही जमला नव्हता.

परवा, म्हणजे २५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी दहाला काचीगुड्याला गेलो. सांगायला कारण हवं म्हणून विजयवाड्याचा तक्ता बरोबर नेला. सुशीलाबाईंच्या स्वयंपाकघरातून बगाऱ्या वांग्यांचा वास येत होता. किती जणांचा स्वयंपाक आहे ते मी विचारलं नाही. त्या आपणहून म्हणाल्या, "तुम्ही येणार माहीत होतं म्हणून केलं." पातेलं दहा जणांचं होतं.

श्रीनिवासरावांनी दाढी केली होती आणि शर्टाला इस्त्री. "मिलिंदराव, तुम्ही पुण्याची माणसं," ते म्हणाले. "परवा म्हटलं की कॅलेंडर काढता. त्याला सवड झाली की येईल. घाई काय आहे? परवा म्हणजे काय आजच का?" हे बोलत असताना गल्लीत एक रिक्षा वाजली आणि ते उठून कठड्यापाशी गेले. सकाळपासून अशी नववी रिक्षा. मी मोजत होतो, दुसरं काय करणार!

एकला आम्ही दोघे जेवलो. सुशीलाबाईंना भूक नव्हती. तीनला विजयवाडा संपलं. चारला श्रीनिवासराव म्हणाले की चहा घेऊन तुम्ही निघा, रंजनाबाई वाट बघत असतील. मी म्हटलं, ती बँकेत आहे. साडेचारला त्यांनी शर्टाची वरची गुंडी सोडली आणि आरामखुर्चीत डोळे मिटले. मला त्या मंदारचा मनापासून राग आला. येणार नव्हतास तर "बघू" म्हणायचं. "बघू"चा अर्थ सगळ्या महाराष्ट्रात एकच आहे.

पाच वाजून दहा मिनिटांनी जिन्यावर पावलं वाजली. रिक्षा वाजलीच नव्हती. तो स्टेशनवरून चालत आला होता. खांद्यावर मोठी पिशवी, हातात धुतलेला, कोरडा केलेला रिकामा डबा.

श्रीनिवासरावांनी डोळे उघडले आणि शर्टाची वरची गुंडी लावली. तो या घरातून जाऊन अकरा वर्षं आठ महिने झाले होते.

"इतक्या लवकर कसा आलास?" ते म्हणाले.

"परवा येतो म्हटलं होतं ना, बाबा."

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. सुशीलाबाई दारात आल्या. मंदार व्हरांड्यात रद्दीच्या गठ्ठ्यावर बसला, बुटांचे बंद सोडले, बूट गठ्ठ्याशेजारी ठेवले आणि आत आईकडे गेला.

मी माझे कागद गोळा केले. चपला घालत होतो तेव्हा श्रीनिवासराव खुर्चीतून उठले. वाकताना त्यांना कठड्याचा आधार घ्यावा लागला. त्यांनी ते बूट उचलले, एकेका हातात एकेक, आणि आत घेऊन निघाले.

"आज बुधवार आहे," ते मला म्हणाले. "रद्दीवाला येतो."